दुःखाच्या घरचं बिल

पदमपुऱ्यात कुणाच्या घरी रडण्याचा आवाज उठला की शेजाऱ्यांच्या पाठोपाठ दारात टेम्पो यायचा तो राजकुमार मंडपवाल्याचा. त्याला कुणी बोलवायला जात नसे. दोन माणसं मुकाट्याने बांबू उभे करायची, ताडपत्री ताणायची, सतरंज्या अंथरायची, पाण्याचे जार ठेवायची आणि निघून जायची. तेरावं झालं की तशीच मुकाट्याने सगळं उचलून न्यायची. या मधल्या काळात पैशाची गोष्ट काढायची नाही, हा राजकुमारचा नियम. लग्नाच्या मांडवात हाच माणूस हातभर झालरीसाठी नवरीच्या बापाशी तासभर हुज्जत घालायचा, त्याची त्याला जराही लाज नव्हती. पण दुःखाच्या घरी त्याचं बिल जात नसे. पुढे कधीतरी त्या घरचं कुणी दुकानात यायचं, देवाच्या फोटोखाली काय ठेवायचं ते ठेवायचं, आणि राजकुमार तेवढा वेळ पाठ फिरवून दोऱ्यांची गाठोडी सारखी करत बसायचा. कुणी काहीच ठेवलं नाही तरी त्याला पत्ता लागत नसे, आणि लावून घ्यायचाही नसे.

हा राजकुमार स्वतः गेला तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले, माणूस माणसाच्या सावलीला घाबरलेला. ज्याने अर्ध्या पदमपुऱ्याच्या दुःखावर आडोसा धरला, त्याच्या स्वतःच्या दारात साधी ताडपत्री लागली नाही. त्याची बायको रत्नमाला घरात एकटी बसून होती. लेक सुरेखा अजिंठ्याकडे शाळेत शिक्षिका, तिला येऊ देईनात. तेव्हा आली फक्त कडूबाई.

कडूबाई पलीकडच्या गल्लीतली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या. तोंडाला पदर बांधून ती रत्नमालेच्या दाराबाहेर पायरीवर बसून राहायची, भाकरीचं टोपलं उंबऱ्याच्या आत सरकवायची. आत ये म्हटलं तर यायची नाही, घरी जा म्हटलं तर जायची नाही. पोलिसाने दटावलं तर त्यालाच म्हणायची, "साहेब, हिच्या दारात मांडव नाय, मला तरी बसू द्या." हे रत्नमाला विसरणं शक्यच नव्हतं.

नवऱ्यामागे धंदा तिच्या गळ्यात पडला. मांडवाचं तिला भय नव्हतं. वारा सुटला तर कुठली दोरी आधी सोडायची हे ती झोपेतही सांगू शकली असती. भय होतं कागदाचं. जीएसटीचं रिटर्न, ते चुकलं की दंड, मजुरांचा विमा, गोदामाचा आग लागू नये म्हणूनचा दाखला, बँकेचं काय ते केवायसी. बाई सातवी शिकलेली. मोबाईलवर ओटीपी आला की ती फोन पालथा घालून ठेवायची. औरंगपुऱ्यातल्या एका मुनीमजींकडे ती कागदांची पिशवी नेऊन टाकायची आणि ते चष्म्यावरून असं बघायचे, जणू हिने पिशवीतून साप आणलाय. शेवटी एक दिवस कुठल्याशा कार्यालयाची नोटीस आली आणि रत्नमालेच्या तोंडचं पाणी पळालं. सुरेखाने फोनवर सुनावलं, "आई, मांडव तू बांध. कागदाचं काम ज्यांचं आहे त्यांना दे. सगळं स्वतःच करायचं म्हणजे शहाणपण नव्हे."

म्हणून ती सिडकोतल्या त्या ऑफिसात गेली. छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब, टॅक्स, पगार, परवाने हे सगळं बाहेरच्या बाहेर सांभाळून देणारं ऑफिस. तिथे संस्कृती नावाची मुलगी भेटली, वयाने सुरेखापेक्षा लहान, पण बोलायला समजूतदार. तिने पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर लावले, एकदाही चष्म्यावरून बघितलं नाही. तिला चष्माच नव्हता. रत्नमालेला ती तिथेच आवडली.

कागद लावता लावता संस्कृती मध्येच थांबली. "ताई, या कामांचं बिलच दिसत नाही. ताडपत्री, सतरंज्या, खुर्च्या असं लिहिलंय, पण बिल नाही, वसुली नाही. असं का?"

शेजारच्या खुर्चीवर कुणी हॉटेलवाला बसला होता, हातात दोन फोन. त्याने मान वळवली. रत्नमालेचे कान तापले. दुःखाच्या घरचं काम आहे ते, आमच्याकडे त्याचं बिल देत नसतात, एवढंच तर सांगायचं होतं. पण थंडगार खोलीत, त्या गुळगुळीत टेबलापुढे, ते वाक्य तिला एकदम खेडवळ वाटलं. हा हॉटेलवाला हसेल. ही पोरगी म्हणेल, बाईला धंदा कळत नाही.

"ऱ्हाऊन गेलं आसंल," ती म्हणाली.

संस्कृतीने ते लिहून घेतलं आणि पुढे सरळच विचारलं, "असे काही ग्राहक आहेत का, की ज्यांना बिल किंवा मेसेज जायला नको? नातेवाईक, ओळखीचे, काही खास कामं? असतील तर आत्ताच सांगा, म्हणजे मी वेगळी नोंद ठेवते."

"नाय," रत्नमाला म्हणाली. "समदे सारखेच."

हे बोलताना तिला थोडी ऐटच वाटली, हे खोटं कशाला बोला.

त्यानंतरचे महिने तिला स्वर्ग दोन बोटं उरला. दंड थांबला. नोटिशीचं उत्तर कुणीतरी परस्पर देऊन टाकलं. मजुरांचे पगार वेळेवर खात्यात पडू लागले, तेव्हा जुना कामगार सर्जेराव, जो राजकुमारच्या वेळेपासूनचा होता, तोसुद्धा म्हणाला, "वहिनी, आता आपलं दुकान सरकारी हापिसावानी झालं बगा." त्याला ते कौतुक वाटत होतं. पुढे बिलं आपोआप जायची सोय झाली. सर्जेरावने फक्त काम कुणाचं, कुठे, काय सामान गेलं एवढं चिठ्ठीवर लिहून तिचा फोटो सिडकोत पाठवायचा, बाकी सगळं तिकडचं मशीन बघणार. रत्नमाला दुपारची निवांत लवंडू लागली. कित्येक वर्षांत ती दुपारी झोपली नव्हती.

दिवाळीनंतर कडूबाईच्या कृष्णाचा साखरपुडा झाला. एकुलता एक पोरगा, बिडकीनकडच्या एका कंपनीत लागलेला, हसरा. त्या मांडवाला रत्नमालेने कुणाला हात लावू दिला नाही, झालर न् झालर स्वतः बांधली. वैशाखातल्या लग्नाची तारीखही तेव्हाच लिहून घेतली. कृष्णाने फोन नंबर स्वतःचा दिला. "मावशी, आईला फोन नको करू. नुसती रिंग वाजली तरी घाबरती ती."

आणि संक्रांत सरली न् सरली, तोच शिफ्ट सुटून परत येताना कृष्णाच्या मोटारसायकलला डंपरने उडवलं.

टेम्पो नेहमीसारखाच निघाला. या वेळी रत्नमाला पुढच्या सीटवर बसून गेली, स्वतः दोर आवळले, मग हात धुऊन आत गेली आणि कडूबाईला मिठीत घेऊन बसली. कडूबाई रडत नव्हती. ती नुसती डुलत होती. त्या दिवसांत रत्नमाला रोज गेली. मध्ये दोन दिवस तेवढं जमलं नाही, एका मोठ्या लग्नाचं काम अंगावर होतं. लोकांच्या आनंदाला सुट्टी देता येत नाही, मंडपवाल्याचं हे असं असतं.

त्या लग्नाचा मांडव उतरवून ती दुकानात येऊन टेकते तोच दारात टेम्पो उभा राहिला. भाड्याचा, अनोळखी. त्यातून कडूबाईचा दीर सोमनाथ उतरला आणि मागचं फळकं पाडून सामान खाली घेऊ लागला. रत्नमालेने बघितलं, तिच्याच ताडपत्र्या होत्या. तिच्याच खुर्च्या, एकीत एक घातलेल्या. सतरंज्या झटकून, घड्या घालून आणलेल्या.

"सोमनाथभाऊ, आवो हे काय? तेरावं व्हायचंय अजून."

"तेराव्याला दुसरा मांडव लावलाय." सोमनाथने खिशातून नोटांची घडी काढून टेबलावर ठेवली. देवाच्या फोटोखाली नाही, टेबलावर. "बिलापरमानं हाय. पावती द्या, मालकीणबाई."

आजवर तो तिला वहिनी म्हणत आला होता.

"कसलं बिल? कुनी मागितलं बिल?"

"तुमचा मेसेज आला ना. येकदा नाय, दोनदा. आमी कुनाचं ठिवीत नाय, बाई. तेरावं तरी व्हऊ द्यायचं व्हतं." पावतीसाठी तो थांबला नाही. टेम्पो गेला आणि सर्जेराव भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने कडूबाईच्या घरच्या कामाची चिठ्ठी नेहमीच्या रिवाजाने लिहिली होती, 'कृष्णाच्या घरी', आणि फोटो काढून पाठवून दिला होता. बिलं आपोआप जायला लागल्यापासून दुःखाच्या घरचं हे पहिलंच काम होतं.

रत्नमालेने सिडकोला फोन लावला. जे तोंडाला येईल ते बोलली. माणसं आहात का दगड, म्हणाली. मेलेल्याच्या घरी वसुली करता, माझ्या नवऱ्याचं नाव मातीत घातलंत, म्हणाली. संस्कृतीने मध्ये तोंड घातलं नाही. मग तिने मेसेज उघडला आणि वाचायला लागली, "आपला समारंभ आनंदात पार पडला असेल..."

"बास करा!" रत्नमाला ओरडली.

मग संस्कृतीचा आवाज बारीक झाला. "ताई, फार वाईट झालं हो. मला खरंच माहीत नव्हतं तिथे कुणी गेलंय. चिठ्ठीत नुसतं नाव आणि सामान होतं. पण मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, बिल कुणाला जायला नको का म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळे सारखेच."

रत्नमालेने फोन ठेवून दिला.

ती तशीच चालत निघाली. रस्ताभर तिने बोलायचं जुळवलं, आणि जे जुळवलं त्यात तिचा स्वतःचा दोष कुठेच नव्हता. मशीन आहे, आपोआप जातं, सिडकोतल्या पोरींना काय कळतंय आपल्यातलं, मला तर पत्ताच नव्हता. यातलं बरंचसं खरंही होतं. कडूबाईच्या दारात आली तर समोर परका मांडव. लोखंडी पाईप, निळं नवंकोरं कापड. एका कोपऱ्याला कापड लोंबत होतं, ताण नीट बसला नव्हता. हात आपसूक तिकडे जायला निघाला, तो तिने आवरला. त्या मांडवाखाली बसलेल्या बायकांनी तिला बघितलं आणि बोलणं थांबवलं. कुणी सरकून जागा दिली नाही.

कडूबाई आतल्या खोलीत होती. कोपऱ्यात समई तेवत होती आणि समईजवळ एक मोबाईल, चार्जरला लावलेला. रत्नमाला तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि तयार करून आणलेलं सगळं बोलून टाकलं.

"कडू, त्यो मेसेज मी नाय गं पाठवला. तिकडं सिडकोत मशीन हाय, त्याच्यातनं आपोआप जातं. मला काय बी ठावं नव्हतं."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "मशिनीचंच आसंल. तू कशाला पाठवशील?"

रत्नमालेचा जीव भांड्यात पडला. आणि तो इतक्या सहज पडला याचीच तिला पुढच्या क्षणाला लाज वाटली.

"पैशाचं मला काय नाय गं," कडूबाई म्हणाली. "सोमनाथचं डोस्कं फिरलं, मांडव त्यानंच बदलला. मी कशात नाय." तिने हात लांब करून तो मोबाईल उचलला, वायरीसकट मांडीवर घेतला. "ह्याच्यावर आला त्यो मेसेज. ह्यो कृष्णाचा. मी ह्याची चार्जिंग उतरू देत नाय. त्या दिसापसून एकदा बी वाजला नव्हता."

रत्नमालेला आठवला साखरपुड्याला लिहून घेतलेला नंबर. मावशी, आईला फोन नको करू.

"दुपारी डोळा लागला व्हता. आन वाजला. तीच टिंग. घरात त्याचा फोन वाजला म्हंजी त्यो आला, आसंच बसलंय कानात. मी उठले." कडूबाई फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत होती. "उठून चहाचं आधन ठिवलं, रत्ना. साखर बी टाकली. मंग ध्यानात आलं."

बाहेर मांडवात कुणीतरी खोकलं. रत्नमालेला वाटलं, आपल्याला इथेच कुणीतरी थोबाडीत मारावी.

"कडू, मी खोटं बोलले आत्ता," ती म्हणाली. "मशिनीचं नाय. त्या पोरीनं मला इचारलं व्हतं. सरळ इचारलं व्हतं, कुनाला बिल जायला नको का. मी म्हनलं, समदे सारखेच."

"का गं?"

"लाज वाटली. बाजूला येक बडा मानूस बसला व्हता. म्हनलं, आपलं आडानीपन दिसंल."

कडूबाईने मान वर केली. किती दिवसांनी ती कुणाकडे नीट बघत होती.

"राजकुमारभाऊंची लाज वाटली तुला?"

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरोखर विचारत होती. रत्नमालेला हुंदका आवरेना, आणि कडूबाईने तिच्या पाठीवर हात काही ठेवला नाही. समईची वात काजळली तेव्हा कडूबाईनेच ती पुढे सारली.

"आता परत येनार नाय मेसेज," रत्नमाला डोळे पुसत म्हणाली. "आत्ता जाऊन सांगते. त्याचं नावच काढून टाकाया लावते."

तेव्हा मात्र कडूबाईने तिचं मनगट धरलं, नख रुतेल इतकं घट्ट.

"नाव नको काढू. कंपनीच्या पोरांनी त्यांच्या ग्रुपातनं काढलं, लगेच. कंपनीनं गळ्यातलं कार्ड मागून नेलं. जो त्यो त्याला काढायलाच लागलाय. तुज्या त्या मशिनीला तेवढं ठावं नाय त्यो गेल्यालं. तिथं तरी ऱ्हाऊ दे त्याला."

"ऱ्हाऊ देते," रत्नमाला म्हणाली.

दुःखाच्या घरून निघताना येते म्हणायचं नसतं, म्हणून ती काही न बोलता उठली. माफ केलं असं कडूबाई म्हणाली नव्हती, आणि ते विचारायचं रत्नमालेला धाडस झालं नाही. मांडवातून जाताना तिने त्या लोंबत्या कोपऱ्याकडे बघितलंही नाही.

दुकानात येऊन तिने दिवा लावला. टेबलावर सोमनाथने ठेवलेली घडी तशीच होती, तिला हात लावावासा वाटेना. तिने सिडकोला फोन केला. मगाच्या शिव्यांबद्दल माफी मागितली. आणि मग, जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं, अगदी सावकाश, राजकुमारचं नाव घेऊन. त्याचा टेम्पो कसा न बोलावता जायचा, तो पाठ फिरवून कसा बसायचा, सगळं. संस्कृती ऐकत होती. ती हसली नाही. हसणारी नव्हतीच ती, हे रत्नमालेला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तरीही तेव्हा ती खोटं बोलली होती.

"टॅक्स, बँक, पगार समदं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्यातलं मला नाय जमायचं. पन दुःखाच्या घरचं काम तुमच्याकडं यायचंच नाय हितून पुढं. त्याची चिठ्ठीच निघनार नाय."

"बरं, ताई. आणि कृष्णा यांचे मेसेज मी कायमचे बंद करते. नाव काढू का?"

"नाव नका काढू."

"ठीक आहे." कळफलकाचा आवाज येत राहिला, मग थांबला. संस्कृती चाचरत म्हणाली, "ताई, त्यांच्या नावावर अजून एक नोंद दिसतेय. वैशाखातली. लग्नाच्या मांडवाची."

रत्नमालेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लग्नाची मोठी तिथ आहे त्या दिवशी. दोन ठिकाणांहून विचारणा आलीये. ही नोंद रद्द करून त्यांतल्या एकाला तारीख देऊ का?"

रत्नमालेने बाहेर बघितलं. परत आलेल्या खुर्च्या दाराशी रचलेल्या होत्या आणि सर्जेराव त्या आत न नेता बाजूला नुसता बसून होता.

"नको," ती म्हणाली. "त्या दिवशी आपला मांडव कुनाच्याच दारात जानार नाय."

"मग ताई, त्या तारखेपुढे काय लिहू?"

"कृष्णाचं नाव लिवल्यालं हाय ना?"

"हो."

"मंग तेवढंच ऱ्हाऊ द्या."